मनाचें दुखणें आणि खिशांतील नोंदवही

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



महोत्सव-समितीनें आम्हांस या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान दिला, त्याबद्दल प्रथम आम्ही समितीचे मनःपूर्वक आभार मानतों. समितीच्या चिटणिसांनीं आमचा विषय विचारला तेव्हां आमचें उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. "गुरुजी, उत्सवाच्या दिवसांत हा विषय?" एवढेंच ते म्हणाले. त्यांचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें. देवळास नवा रंग लागला आहे, पताका लागल्या आहेत, बँडवाल्यांचा सराव चालला आहे. आणि अशा वेळीं कोणी उठून नैराश्य व चिंता या आजारांविषयीं, व त्यांवर मोबाईलमधील ॲप कितपत उपयोगी पडतें याविषयीं बोलूं लागला, तर तें लग्नघरीं औषधाची बाटली घेऊन येण्यासारखें दिसेल. परंतु पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयाचा असें आपण ठरविलें आहे. हिशेबाची जमेची बाजू तेवढी वाचून भागत नाहीं. या पन्नास वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील कांहीं घरें आंतून बंद होऊन बसलीं. कांहीं माणसांनीं देवळाच्या पायरीवर हंसून 'बरें आहे' म्हटलें आणि घरीं जाऊन भिंतीकडे तोंड केलें. तींहि माणसें आपलींच. त्यांतील एक आज आपणांपुढें उभा आहे. म्हणून हा विषय.

आरंभीं एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. दुःख निराळें आणि नैराश्य निराळें. घरांत मृत्यु झाला, पीक बुडालें, मुलगा परीक्षेंत नापास झाला, म्हणजे मन खिन्न व्हावें हें स्वाभाविक आहे. तें काळानें व माणसांच्या सोबतीनें ओसरतें. परंतु जेव्हां दोन आठवडे व त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, मन काळवंडलेलें राहतें. पूर्वीं ज्यांत गोडी वाटे त्या गोष्टी बेचव होतात. झोंप व भूक बिघडते. उठून तोंड धुणें हेंहि डोंगर चढण्यासारखें वाटूं लागतें. आणि 'आपण कोणास नकोसे झालों आहों' असें मन आपणच आपणांस सांगूं लागतें, तेव्हां वैद्यकशास्त्र त्यास नैराश्य हा आजार म्हणतें. चिंताविकार हा त्याचा सख्खा भाऊ. त्यांत सबळ कारणावांचून छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, आणि कांहीं तरी भयंकर घडणार अशी हुरहुर रात्रंदिवस पाठ सोडीत नाहीं. पुष्कळदां हे दोघे भाऊ एकाच घरीं उतरतात.

हे आजार दुर्मीळ नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें २८ कोटी माणसें नैराश्यानें व ३० कोटी माणसें चिंताविकारानें पीडित होतीं. आपल्या देशांत बेंगळुरू येथील 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं १२ राज्यांत पाहणी केली. तींत असें दिसून आलें कीं, मनोविकारांच्या निरनिराळ्या प्रकारांत शेंकडा ७० पासून ९२ पर्यंत रोग्यांस उपचार मिळतच नाहींत. देशांत लाख लोकांमागें एक मनोविकारतज्ज्ञहि वांट्यास येत नाहीं, हें याचें एक कारण. आणि लाज, हें दुसरें.

लाजेचें आपल्या घरांतील रूप जरा विशेष आहे. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातों. मन खचलें तर 'श्रद्धा कमी पडली' असें म्हणतों. १९१७ च्या धर्मसंहितेंत बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधि नाकारण्याचा नियम होता, आणि त्या नियमाची छाया आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यावर पडलेली आम्हीं पाहिली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेंत तो नियम राहिला नाहीं. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथांत, गंभीर मनोविकार किंवा तीव्र भय यांमुळें माणसाची जबाबदारी कमी होते, असें स्पष्ट सांगितलें आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं महिन्याच्या प्रार्थनेचा हेतु म्हणून नैराश्यग्रस्तांचीच निवड केली. देशाचा कायदाहि बदलला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा असें मानून चालतो कीं, ज्यानें स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला तो अतिशय ताणाखालीं होता. त्यास शिक्षा नव्हे तर शुश्रूषा देणें हें सरकारचें कर्तव्य आहे. म्हणजे धर्म पुढें गेला, कायदा पुढें गेला; मागें राहिलीं तीं आपलीं ओट्यावरचीं बोलणीं.

अशा स्थितींत मोबाईलचा विचार करावा लागतो. तो बहुतेकांच्या खिशांत आहे. तो लाजवीत नाहीं. मध्यरात्रीं त्यास उठविलें तरी तो कुरकुरत नाहीं. मनाच्या आजारांसाठीं आतां हजारों ॲप्स निघालीं आहेत. त्यांचीं नांवें व रंग निराळे असले तरी कामें मुख्यत्वें चारच आहेत.

पहिलें काम नोंदीचें. रोज ठरल्या वेळीं ॲप विचारतें, आजचा दिवस कसा गेला? झोंप किती झाली? कोणास भेटलां? उत्तरें साठवून तें त्यांचा आलेख काढून दाखवितें. अनेक ॲप्समध्यें डॉक्टरांनीं तयार केलेली नऊ प्रश्नांची एक चांचणीहि असते. गेल्या दोन आठवड्यांतील मनःस्थितीविषयीं हे प्रश्न असतात. प्रत्येकास शून्यापासून तीनपर्यंत गुण, आणि एकंदर गुण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण पडले तर डॉक्टरांची भेट घेणें इष्ट, असा सर्वसाधारण दंडक आहे. नववा प्रश्न सर्वांत कठीण असतो. त्याविषयीं पुढें बोलूं.

दुसरें काम विचारांची पारख करण्याचें. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही उपचारपद्धति घडविली. तिचें मर्म असें कीं, खचलेलें मन जें सांगतें तें सर्व खरें मानूं नये. त्याची उलटतपासणी करावी. समजा, सकाळीं शेजारी न बोलतां निघून गेला. मन म्हणतें, 'त्यास माझा कंटाळा आला.' ॲप विचारतें: यास पुरावा काय? दुसरें कांहीं कारण संभवतें कां? आपल्या मित्रानें असें म्हटलें असतें तर आपण त्यास काय सांगितलें असतें? मग ध्यानांत येतें कीं, शेजाऱ्याची सात पन्नासची लोकल चुकत होती.

तिसरें काम लहान कृतीचें. नैराश्यांतील माणूस म्हणतो, 'बरें वाटलें कीं बाहेर पडेन.' अनुभव उलट आहे. आधीं थोडें बाहेर पडावें, मग थोडें बरें वाटतें. म्हणून ॲप आज विहिरीपर्यंत चाला, उद्यां एका मित्रास फोन करा, असें लहान काम नेमून देतें. चौथें काम शरीरास शांत करण्याचें. छाती धडधडूं लागली असतां पडद्यावर एक वर्तुळ हळूहळू मोठें व लहान होतें, त्याबरोबर श्वास घ्यावयाचा व सोडावयाचा. हा उपाय साधा आहे. परंतु रात्रीं दोन वाजतां साध्या गोष्टीच आठवत नाहींत.

यांतील पहिलें काम आपणां कॅथलिकांस नवें वाटूं नये. संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथास १५४८ सालीं पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. त्यांत दिवसांतून दोनदां आत्मपरीक्षण करून, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठीं आंखलेल्या रेघांवर ठिपके देण्याची रीत घालून दिली आहे; मग दिवसाशीं दिवस व आठवड्याशीं आठवडा ताडून पाहावयाचा. मोबाईलमधील आलेख आम्हीं प्रथम पाहिला तेव्हां आम्हांस त्या रेघांची आठवण झाली. भेद मात्र मोठा आहे व तो विसरूं नये. ते ठिपके दोषांचे आहेत; आजाऱ्याची नोंद ही दोषांची नव्हे. तापाचा तक्ता रुग्णाच्या खाटेस लावतात, तशी ती आहे. नैराश्यांतील माणूस आपणांस आधींच अपराधी मानीत असतो. त्याच्या हातीं पुन्हां पापांची वही देणें म्हणजे बुडत्याच्या गळ्यांत दगड बांधणें होय. त्याच ग्रंथांतील दुसरी दोन वचनें मात्र आजाऱ्यासहि लागू पडतात. उजाड काळांत आधींचे निर्णय बदलूं नयेत, हें एक. आणि मनाचा शत्रु जें गुप्त ठेवावयास सांगतो तें भरंवशाच्या माणसापाशीं उघड करावें, हें दुसरें. या दुसऱ्या वचनाची किंमत आम्हांस उशिरां कळली.

आतां आमची हकीकत. ती सांगतांना संकोच होतो. पण जो शिक्षक इतरांस फळ्यापुढें उभे करीत आला त्यानें स्वतः उभे राहण्यास कचरूं नये.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनीं आमच्या कुटुंबाचा मृत्यु झाला. मासिक मिस्सा झाली, वर्षश्राद्धाची मिस्सा झाली, लोक आपापल्या कामास लागले. आम्ही रोज देवळांत येत होतों, वाचन करीत होतों, कोणी विचारल्यास 'देवाची कृपा' म्हणत होतों. घरीं मात्र चूल पेटत नव्हती. रात्रीं तीन वाजतां जाग येई व उजाडेपर्यंत एकच विचार भोंवऱ्यासारखा फिरे. आम्हीं त्यास आळस म्हटलें, वय म्हटलें, श्रद्धेची परीक्षा म्हटलें. आजार म्हटलें नाहीं. आमची पुतणी इस्पितळांत नर्स आहे. तिनें एके दिवशीं आमच्या घरांतील डबे उघडून पाहिले, कांहीं बोलली नाहीं, आणि आमच्या मोबाईलमध्यें एक ॲप घालून दिलें. "काका, डॉक्टरकडे तुम्ही येत नाहीं. निदान याला रोज संध्याकाळीं खरें सांगा," असें ती म्हणाली.

पडद्यावर पांच तोंडें होतीं, रडक्यापासून हंसऱ्यापर्यंत, बिगरीच्या पोरानें पाटीवर काढावीं तशीं. आम्हांस तें हास्यास्पद वाटलें. तरी चाळीस वर्षें हजेरीपट भरलेला हात. रोजची नोंद चुकली नाहीं. तीन आठवड्यांनीं आलेख पाहिला आणि आम्ही चकित झालों. आमची समजूत अशी होती कीं, सगळे दिवस सारखेच काळे आहेत. आलेख तसें म्हणत नव्हता. मंगळवारीं व शुक्रवारीं रेघ जराशी वर होती. त्या दिवशीं शेजारचा मुलगा गणितें विचारण्यास येत असे. आणि सर्वांत खोल खड्डा रविवारीं होता. रविवारीं! प्रभूच्या दिवशीं! आम्हीं विचार केला तेव्हां कारण उमगलें. मिस्सा सुटली कीं पायरीवर सर्व कुटुंबें घोळक्यानें उभीं राहतात, मग एकेक घोळका आपल्या घरीं जेवावयास जातो, आणि आम्ही एकटे आमच्या कुलुपाकडे जातों. हें रोज डोळ्यांपुढें असून आम्हांस दिसलें नव्हतें. पांच पोरकट तोंडांनीं तें दाखविलें. ॲपचा खरा उपयोग आम्हांस येथें कळला. तें दुःख काढीत नाहीं; दुःख कोठें बसलें आहे तें दाखवितें.

यावरून कोणी असें समजूं नये कीं ॲपनेंच सर्व भागतें. २०२४ सालीं अशा ॲप्सवरील १७६ शास्त्रीय प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा कीं, नैराश्य व चिंता या दोहोंवर त्यांचा गुण येतो, पण तो थोडा असतो. शिवाय गुण येण्यास तें उघडावें लागतें. २०१९ सालीं ९३ ॲप्सची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत सर्वसाधारणपणें असें आढळलें कीं, ज्या शंभर जणांनीं ॲप घेतलें त्यांपैकीं पंधराव्या दिवशीं जेमतेम चौघे तें उघडीत होते. ज्याच्यानें अंथरुणांतून उठवत नाहीं त्याच्याकडून रोजच्या नेमाची अपेक्षा करणें, हाच या उपायाचा दुबळेपणा आहे. आम्हांस चाळीस वर्षांच्या हजेरीपटानें तारलें. आणि दर शनिवारीं पुतणी 'दाखवा' म्हणून हात पुढें करी, तिनें तारलें.

दुसरी गोष्ट बोलक्या यंत्रांची. १९६६ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या तंत्रविद्यासंस्थेंतील प्राध्यापक जोसेफ वायझेनबॉम यांनीं 'एलायझा' नांवाचा एक संगणक-प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो माणसाचेंच वाक्य उलटून प्रश्नाच्या रूपानें परत देई; त्यास समज अशी कांहींच नव्हती. तरी प्राध्यापकांच्या स्वतःच्या चिटणीस बाईंनीं, ज्यांनीं तो तयार होतांना पाहिला होता, थोडा वेळ त्याच्याशीं संभाषण केल्यावर प्राध्यापकांस खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. प्राध्यापक थक्क झाले, व पुढें यंत्रावर असा भरंवसा टाकण्याविरुद्ध ते लोकांस सावध करीत राहिले. त्या बाईंस हंसण्याचें कारण नाहीं. ऐकणारें कोणी नसलें कीं माणूस भिंतीपाशींहि बोलतो. आजचीं यंत्रें एलायझाहून पुष्कळ चतुर आहेत. 'वोबॉट' नांवाच्या अशा यंत्राचा ७० तरुणांवर केलेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि दोन आठवड्यांत त्यांच्या नैराश्यांत कांहीं उतार दिसला. परंतु त्याच वोबॉटचें ॲप चालकांनीं ३० जून २०२५ रोजीं बंद केलें. ज्यांनीं त्यापाशीं मन मोकळें केलें होतें त्यांचा श्रोता एका तारखेस मुका झाला. शेजारी असा बंद पडत नाहीं.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. धर्मगुरूपाशीं केलेलें पापनिवेदन मोहरबंद असतें. ॲपमध्यें लिहिलेलें तसें असतेंच असें नाहीं. मोबाईलद्वारां समुपदेशन पुरविणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीनें लोकांची खासगी माहिती जाहिरातदारांस पुरविली, असा ठपका तेथील सरकारी व्यापार-आयोगानें ठेवला, आणि २०२३ सालीं तिला ७८ लाख डॉलर भरणें भाग पडलें. म्हणून आपलें मन कोठें लिहितों हें पाहूनच लिहावें.

आतां त्या नवव्या प्रश्नाविषयीं. आपण नसतों तर बरें, किंवा आपला जीव घ्यावा, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत मनांत आले कां, असा तो प्रश्न आहे. तीन वेळां तो आमच्यापुढें आला आणि तिन्ही वेळां आम्हीं खोटें शून्य लिहिलें. यंत्रानें तें निमूटपणें मानलें. यंत्रास आमचा चेहरा दिसत नव्हता, आमचे डबे दिसत नव्हते. एका रविवारीं रात्रीं मात्र खोटें लिहिण्याचेंहि त्राण उरलें नाहीं, व आम्हीं खरें उत्तर दिलें. लगेच पडदा बदलला, आणि 'आपण एकटे नाहीं. या क्रमांकावर बोला' अशा अर्थाचीं दोन वाक्यें व एक क्रमांक आला. तीं वाक्यें सर्वांस सारखींच येतात हें आम्हांस ठाऊक होतें. तरी त्या रात्रीं तो क्रमांक म्हणजे उघडलेली खिडकी होती. तो होता १४४१६. भारत सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा हा क्रमांक आहे; दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठींतहि तेथें बोलतां येतें.

पलीकडून एका बाईंचा आवाज आला. आमच्यानें बराच वेळ बोलवेना. त्यांनीं घाई केली नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "काका, आज जेवलात कां?" बंधुभगिनींनो, वर्षभरांत हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता. आम्हीं रडावयास सुरुवात केली. एलिया संदेष्टा रानांतील झुडुपाखालीं मरण मागत निजला असतां देवदूतानें त्यास उपदेश केला नाहीं. भाकर व पाणी पुढें ठेवलें, त्यास निजूं दिलें, पुन्हां उठवून पुन्हां खावयास घातलें. वाट नंतर दाखविली. ती कथा आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविली होती; तिचा अर्थ त्या रात्रीं कळला. जीव घेण्याचे विचार मनांत येतात कां, हें त्या बाईंनीं आम्हांस सरळ विचारलें. आणि सरळ विचारल्यानें तो विचार बळावला नाहीं, उलट हलका झाला. मग जवळ कोण राहतें असें विचारून त्यांनीं शेजाऱ्यास हांक मारण्यास सांगितलें, व ते येईपर्यंत फोन ठेवला नाहीं.

शेजारी आले. गणितें विचारणाऱ्या मुलाचे ते वडील. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं. घरून पेज आणविली, आणि पहांटेच्या घंटेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीं पुतणीनें आम्हांस डॉक्टरांकडे नेलें. गोळ्यांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागले, समुपदेशकाशीं बोलणें कांहीं महिने चाललें. त्या काळांतहि ॲप चालूच होतें. आतां मात्र तो आलेख आम्ही डॉक्टरांस दाखवीत होतों, आणि ते त्यावरून औषधाचा अंदाज घेत होते. तेंच ॲप, पण आतां त्याच्या दोन्ही बाजूंस माणसें होतीं.

या अनुभवावरून आम्ही चार गोष्टी सांगूं इच्छितों. पहिली: ॲप घ्यावयाचें तर तें कोणी काढलें, माहिती कोठें जाते, आणि संकटकाळीं तें कोणता क्रमांक दाखवितें, हें आधीं पाहावें, टेली-मानसचें स्वतःचें ॲपहि १० ऑक्टोबर २०२४ पासून निघालें आहे. दुसरी: एकट्यानें वापरूं नये, आठवड्यांतून एकदां आपली नोंद पाहील असें एक माणूस नेमावें. तिसरी: ॲपच्या किंवा बोलक्या यंत्राच्या सांगण्यावरून डॉक्टरांची गोळी कमी करूं नये व सोडूं नये. चौथी: नवव्या प्रश्नास कधींहि खोटें उत्तर देऊं नये, आणि खरें उत्तर शून्य नसेल तर त्याच क्षणीं मोबाईल यंत्र म्हणून बाजूस ठेवून फोन म्हणून उचलावा. जवळचें कोणी असें बोललें तर त्यास एकटें सोडूं नये.

आणि आतां धर्मग्रामाकडे एक मागणें. दिवसांतून तीन वेळां आपली घंटा वाजते. घंटा प्रार्थना करीत नाहीं. ती माणसांस हांक मारते. माणसेंच आलीं नाहींत तर घंटेचा काय दोष? हें ॲप तशी एक लहान घंटा आहे. ती आज कोणाच्या तरी खिशांत, कोणाच्या तरी मुलीच्या उशाखालीं वाजत असेल. तिला ओ कोण देणार? आम्ही सुचवितों कीं, या महोत्सवाची आठवण म्हणून देवळाच्या दाराशीं १४४१६ हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा. प्रत्येक वाडींत दोन माणसें अशीं असावींत कीं ज्यांचें दार कोणत्याहि वेळीं वाजवितां येईल. आणि धर्मगुरूंनीं वर्षांतून एकदां तरी वेदीवरून सांगावें कीं, नैराश्य हें पाप नव्हे, तें दुखणें आहे, व त्यावर औषध आहे. शेवटचें मागणें सर्वांत स्वस्त आहे. रविवारीं मिस्सा सुटल्यावर पायरीवर जो एकटा उभा असेल, तो आजी असो, नवा भाडेकरी असो, कीं परदेशीं गेलेल्या मुलांचा बाप असो, त्यास जेवावयास न्यावें. उपदेश करण्याची गरज नाहीं. एक पान अधिक वाढलें म्हणजे झालें.

आमच्या शेजाऱ्यांनीं त्या रात्रीनंतरच्या पहिल्याच रविवारीं तें वाढलें, आणि तें अजून वाढतात. गेल्या महिन्यांत आम्हीं आलेख पुन्हां उघडून पाहिला. रेघ अजून कधीं कधीं खालीं येते. दुखणें पूर्ण गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आतां रविवार हा आठवड्यांतील सर्वांत खोल दिवस राहिलेला नाहीं.

 प्रभु आपल्या धर्मग्रामास दीर्घायुष्य देवो, आणि त्यांतील एकाहि दाराआड कोणी एकटें न राहो, एवढें मागून आम्ही आपली रजा घेतों.